फॉर्म भरला म्हणून कोर्टाची नोंद पुसली जात नाही
एक मेसेज फिरतोय की गूगलचा फॉर्म भरला की भाड्याच्या वादाची नाहीतर छोट्या थकबाकीची जुनी दिवाणी केस नेटवरून कायमची गायब होते, तर तसं अजिबात नाहीये. मूळ नोंद कोर्टाकडेच राहते, नाव झाकायचं असेल तर अर्ज तिथेच करावा लागतो, आणि तिची कॉपी टाकणाऱ्या खाजगी साइट्सना वेगळं कळवावं लागतं (हेच सगळ्यात किचकट काम). युरोपात तिथल्या युरोपियन युनियनच्या कोर्टाच्या २०१४ च्या निकालानंतर नावाने सर्च केल्यावर दिसणारी लिंक काढायची मागणी गूगलकडे करता येते, पण पान जागेवरच असतं, दुसऱ्या शब्दांनी शोधलं तर सापडू शकतं. जुना मजकूर काढायचं गूगलचं टूलही मूळ पान बदललं किंवा उडालं असेल तरच उपयोगी पडतं. त्यामुळे शंभर टक्के गॅरंटी देणाऱ्या एजंटला पैसे देऊ नका प्लीज.