टिचबटणांच्या लंगोटाबद्दल काकूंना उत्तर

काकू, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया दोन-तीनदा वाचली. घाईत काही लिहायचं नव्हतं, म्हणून उत्तराला चार दिवस लागले. बाकीच्या वाचकांसाठी थोडक्यात सांगते. काकूंनी माझ्या आधीच्या लेखातल्या मापावरून नातवासाठी टिचबटणांचे (आत सुती घडी, वर पाणी न झिरपणारं प्लास्टिकचा पापुद्रा असलेलं कापड) सहा लंगोट शिवले आणि तासाभरातच ते मांडीतून गळायला लागले. कापडाचे पैसे आणि दोन दुपारची मेहनत वाया गेली. पुढे त्या म्हणतात, बाळाला प्लास्टिकमध्ये गुंडाळायचं आणि वर त्याला घरगुती म्हणायचं हे पटत नाही. बटण निघून तोंडात गेलं तर? आमची पिढी जुन्या लुगड्याच्या लंगोटावर वाढली, हे परदेशी खूळ हवंय कशाला?

आधी गळण्याचं बोलते, कारण तिथे चूक माझी आहे.

आतल्या घडीसाठी मांजरपाट आणि फलालीन घ्या असं मी लिहिलं, पण शिवण्याआधी ते धुण्याबद्दल एका ओळीत उरकलं. नव्या, न धुतलेल्या मांजरपाटात कापसाचा मूळचा मेणचटपणा असतो. त्याचा एक तुकडा बशीत ठेवा आणि चमच्याने पाण्याचा थेंब सोडा. थेंब गोल होऊन वर बसून राहतो. बाळाची शूही तशीच वर राहते आणि वाट मिळेल तिकडे, म्हणजे मांडीकडे, धावते. तोच तुकडा साबणाच्या पाण्यात चांगला उकळा, पाच-सहा वेळा धुऊन वाळवा आणि मग थेंब सोडून बघा. टेकताक्षणी पसरतो. शिवाय मांजरपाट धुतल्यावर आटतो. आधी शिवून मग धुतलं की घडी आक्रसते आणि कडेला मोकळी जागा राहते. हे मी ठळक लिहायला हवं होतं.

दुसरी चूक फोटोतली. त्यात मी वरच्या पीयूएल कापडाला मधोमध टाचण्या लावलेल्या दिसतात. हे कापड म्हणजे विणलेल्या पॉलिस्टरला एका बाजूने चिकटवलेला पॉलियुरेथेनचा पातळ पापुद्रा. त्याला टाचणी टोचली की तिथून पाणी झिरपायला वाट झाली. टाचण्या लावायच्याच तर शिवणीच्या बाहेर उरणाऱ्या कडेला लावा, नाहीतर दोरीवरचे कपड्यांचे चिमटे वापरा. मी आता चिमटेच वापरते. सुई ११ नंबरची बारीक घ्या आणि दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा ओल ओढतो आणि शिवणीतून बाहेर आणतो.

तिसरं, इलॅस्टिक. तुम्ही लिहिलंत की मांडीवर वळ उठतात आणि तरी गळतं. याचा अर्थ इलॅस्टिक मांडीवर उतरलंय. चड्डीची कड जिथे बसते तिथे, जांघेच्या घडीत, ते बसायला हवं. लंगोट घातल्यावर बोट घालून ते आत सरकवा. वळ जातील आणि बहुतेक गळणंही थांबेल.

प्लास्टिकबद्दल तुमचं म्हणणं निम्मं मला मान्य आहे. पापुद्रा अंगाला लागत नाही, अंगाला सुती घडीच लागते. पण वारा कमी खेळतो, हे खरंच. म्हणून माझं बाळ घरात दिवसा साध्या लंगोटावर किंवा नुसत्या दुपट्यावर असायचं. टिचबटणांचा लंगोट लस द्यायला जाताना, एसटीत आणि रात्री. उन्हाळ्यात घामोळं दिसलं की तेवढे दिवस तो पूर्ण बंद. आणि हा लंगोटही दोन-अडीच तासांनी बदलायचा, बाहेरून कोरडा दिसला तरी. विकतच्या डायपरमधली पावडर ओल धरून ठेवते, तसं कापड करत नाही.

बटणाची तुमची भीती अगदी रास्त आहे आणि त्यावर मला सविस्तर लिहायचंय. प्लास्टिकच्या टिचबटणाला टोकाची टोपी असते आणि वर बसणारा नर किंवा मादी भाग. टोच्याने भोक पाडायचं, टोपीचं टोक आरपार काढायचं, त्यावर दुसरा भाग ठेवायचा आणि पकडीने दाबायचं. दाबल्यावर ते टोक मधोमध चेपून अळंबीच्या छत्रीसारखं पसरलं पाहिजे. एका बाजूला कललं असेल तर बटण आज ना उद्या निघणार. तसं दिसलं की तिथल्या तिथे कापून काढा, सरळ करत बसू नका. बटणाखाली एकटं पीयूएल कधीच नको, ते फाटतं. आतून जाड सुती कापडाचा चौकोन लावा. बसवल्यावर प्रत्येक बटण वीस वेळा उघड-बंद करा आणि नखाने उचकटून पाहा. माझ्या पहिल्या लंगोटाचं एक बटण तिसऱ्या धुण्यात बादलीच्या तळाशी सापडलं. त्या दिवसापासून वाळलेले लंगोट घडी घालताना एकेक बटण ओढून बघते. बटण जेमतेम अर्ध्या इंचाचं असतं, बाळाच्या घशात सहज अडकेल एवढं. त्यामुळे ही तपासणी चुकवायची नाही.

परदेशी खूळ म्हणालात, त्यावर एक गोष्ट सांगते. १९४६ मध्ये अमेरिकेत मॅरियन डोनोव्हन नावाच्या एका आईने न्हाणीघराचा पडदा कापून घरच्या शिलाई मशीनवर लंगोटावरचं वेष्टन शिवलं. सेफ्टी पिन बाळाला टोचायची, म्हणून पुढे तिने त्याला टिचबटणं लावली. कारखानदारांनी आधी नाकारलं, तेव्हा तिनेच ते १९४९ मध्ये न्यूयॉर्कच्या सॅक्स फिफ्थ अ‍ॅव्हेन्यू दुकानात विकायला ठेवलं. १९५१ मध्ये पेटंट मिळालं. देश परका, पण काम आपल्या आज्यांसारखंच. घरातलं जुनं कापड काढायचं आणि बाळाला सोयीचं काही करायचं.

लुगड्याच्या लंगोटाला तोड नाही, हे मीही मानते. माझ्याकडे आजीच्या नऊवारीची बाळोती अजून आहेत. पण आमच्या घरी दुपारी बाळाजवळ सासरे असायचे. त्यांच्या हाताला कंप आहे. लंगोटाची गाठ त्यांना बांधता यायची नाही, बाळ ओलं व्हायचं आणि ते मला फोन करायचे. टिचबटणं आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांनी दोन्ही अंगठ्यांनी बटण दाबलं, टक् आवाज झाला, आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यानंतर दुपारचे फोन बंद झाले. मी शिवते ते त्यांच्यासारख्या हातांसाठी.

तुमचे सहाही लंगोट टाकू नका. आतली घडी उसवून काढा, उकळा, पाच-सहा वेळा धुवा आणि पुन्हा शिवू नका, सुटीच ठेवा. लांब चार पदरी पट्टी करून आत घडी घालून ठेवली की पुरे. आमच्या चिपळूणच्या पावसात आठ पदरी शिवलेली घडी दोन दिवस ओलीच राहते, सुटी पट्टी पंख्याखाली रात्रीत वाळते. पट्टीला इस्त्री चालेल, पीयूएलला अजिबात नाही. सॉफ्टनर घालू नका, कापड पाणी प्यायचं थांबतं.

मूळ लेखात धुण्याचा भाग आज वर घेतला आहे आणि टाचण्यांचा फोटो काढून टाकला आहे. बशीतल्या थेंबाचं काय झालं ते मात्र मला नक्की कळवा.