भाषाविज्ञान घेऊन काय करणार?

परवा गल्लीतली एक पोरगी घरी आली. बीए मराठीचं शेवटचं वर्ष. म्हणाली, "अक्का, भाषाविज्ञानात एमए करू काय? घरात विचारूलेत, त्याचा उपयोग काय म्हणून."

मी पुण्याला डेक्कन कॉलेजात हेच शिकले, म्हणून लिहिते.

भाषाविज्ञान म्हणजे दहा भाषा शिकणं नव्हे. आपण बोलतो ते आतून कसं चालतं ते बघणं. आणि त्यासाठी बेळगाव-खानापूर-निपाणीच्या पोरांएवढा तयार कान कुणाचा नाही, हे माझं ठाम मत आहे.

आपण 'चहा-बिहा' म्हणतो, शेजारची कानडी काकू 'चहा-गिहा'. मराठीत 'बि', कन्नडात 'गि'. जन्मभर ऐकलेलं, पण हा नियम आहे हे मला एमएला कळलं. तसंच 'येतो म्हणून सांगितलं' मधलं 'म्हणून'. कन्नडात नेमकं त्याच जागी 'अंत' येतं, आणि दोन्ही शब्द 'म्हणणे' याच अर्थाच्या क्रियापदातून आलेत. हिंदीतला 'कि' मात्र सांगितलेल्या गोष्टीच्या आधी येतो. मराठी आणि कन्नड वेगळ्या भाषाकुळांतल्या, तरी वाक्याची बांधणी एक! मिरजेजवळच्या कुपवाडमध्ये मराठी, कन्नड, उर्दू अशाच एकमेकींजवळ आल्या. त्यावरचा गंपर्झ आणि विल्सन या अभ्यासकांचा १९७१ चा लेख जगभर शिकवतात. मराठी-कन्नड पाट्यांवरून भांडणं बघत वाढलेल्या मला तो वाचून किती बरं वाटलं, सांगता येत नाही.

आता पोटाचं. नुसत्या एमएवर नोकरी मिळणं अवघड आहे, पोरांना हे आधीच सांगायला हवं. प्राध्यापकीसाठीच्या नेट परीक्षेला हा स्वतंत्र विषय आहे, म्हणजे ती वाट आहे. म्हैसूरला भारतीय भाषा संस्थान आहे, कोशाची कामं आहेत. बोललेलं टाइप करणारी, भाषांतर करणारी सॉफ्टवेअरं बनवताना भाषा जाणणारी माणसं लागतात. मराठी-कन्नड दोन्ही येणाऱ्यानं जोडीला पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकावीच. स्पीच थेरपी मात्र वेगळी पदवी, तिला बारावी सायन्स लागतं.

तिला म्हटलं, फॉर्म भरायच्या आधी आज्जीला अर्धा तास बोलतं कर आणि फोनवर रेकॉर्ड कर.

काल रात्री तिनं पाठवलं. आज्जी भातलावणीचं सांगतेय, मध्येच शेजारणीशी कन्नडात बोलते आणि परत मराठीत येते. खाली पोरीनं लिहिलंय, "अक्का, कुठं बदललं ते मला तीनदा ऐकल्यावर कळलं."