चाकोरी

आमच्या घराण्याच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. दापोलीकडे आमच्या गावी पर्यटकांनी भलीमोठी गाडी पुळणीवर घातली, भरती चढली, चाकं रुतली, आणि शेवटी दोन ट्रॅक्टर लावून ती ओढून काढली. मी लिहिलं, पुळणीवर गाड्या बंदच करा. त्यावर दादाने, माझ्या चुलतभावाने, माझाच मे महिन्यातला फोटो परत टाकला. लाल कड्याच्या काठावर माझी जीप. खाली ओळ : ‘तू दरीत गाडी घातलीस तर साहस, आणि आमच्याकडे पाहुण्यांनी पुळणीवर घातली की गुन्हा?’

लागलं मला ते. म्हणून सविस्तर लिहितो.

फोटो व्हाइट रिमचा. मी राहतो त्या अमेरिकेत, युटा राज्यातल्या मोआब गावाजवळ, कॅनियनलँड्स या राष्ट्रीय उद्यानातली ही १०० मैलांची कच्ची वाट, १९५० च्या दशकात युरेनियम शोधणाऱ्यांसाठी काढलेली. मुक्कामाचं परमिट आम्ही कित्येक महिने आधी धरलं होतं. दिवसात जाऊन येणाऱ्या गाड्यांनाही रोज ५० च परमिटं मिळतात. दरीत उतरणाऱ्या शेफर ट्रेलच्या आधी टायरमधली हवा १८ पीएसआयपर्यंत उतरवली आणि वळणावळणांनी दीड हजार फूट खाली गेलो. पाणी, पेट्रोल, जादा स्टेपनी, सगळं सोबत. आत गाडी अडकली तर ओढून काढायला हजार डॉलरच्या वरच मोजावे लागतात, ते परमिट काढतानाच कळतं.

दुसऱ्या दिवशी मर्फी हॉगबॅकचा चढ आला. एका गाडीपुरती वाट, एका अंगाला खडक, दुसऱ्या अंगाला काहीच नाही. बॉनेटपुढे नुसतं आभाळ दिसत होतं, खालचा रस्ता दिसतच नव्हता. बायको उतरून पुढे झाली आणि उलटी चालत हाताने खुणा करू लागली. डावीकडे, अजून थोडं, थांब. चारही चाकांना संथ जोर देणारा फोर-लो, पहिला गिअर, अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय हलू द्यायचा नाही. मला त्या क्षणी आजोबांची होडी आठवली. खाडीच्या तोंडाशी वाळूचे बांध दर पावसाळ्यानंतर जागा बदलतात. तिथे तांडेल पुढच्या टोकाला उभा राहून पाण्याचा रंग बघून असाच हात हलवायचा, आणि सुकाणूवरचे आजोबा पाण्याकडे न बघता फक्त त्या हाताकडे बघायचे. अर्ध्या चढावर वरून एक ट्रक आला. चढणाऱ्याला आधी वाट, म्हणून तो माणूस मुकाट्याने मागे मागे जात वरपर्यंत गेला. हॉर्न नाही, काच खाली करून बोलणं नाही.

पण दादा, मुद्दा चढाचा नाही, चाकाचा आहे. त्या १०० मैलांत माझं एकही चाक चाकोरीच्या बाहेर गेलं नाही. तिथल्या वाळूवर काळपट, खडबडीत साय असते, करपलेल्या भाकरीच्या पापुद्र्यासारखी. अतिसूक्ष्म जीव, दगडफूल आणि शेवाळ मिळून ती बनते, त्यांचे धागे वाळूचा कण न् कण धरून ठेवतात. एक चाक त्यावरून गेलं की ती पुन्हा धरायला कित्येक वर्षं, कधी कधी कित्येक दशकं लागतात. ती रेघ सगळ्यांना दिसते, म्हणून सगळे जपतात. मराठीत चाकोरीबाहेर जाण्याचं फार कौतुक आहे. वाळवंटात मी चाकोरीत राहायला शिकलो.

आपल्या पुळणीवर रेघ राहत नाही. भरती येते, पुसून जाते, आणि सगळ्यांना वाटतं काही झालंच नाही. पण ओल्या, कडक वाळूपर्यंत पोचायला गाडी वरच्या कोरड्या वाळूतूनच जाते, सुरूच्या बनाखालून. तिथे भरतीचं पाणी पोचत नाही, आणि ऑलिव्ह रिडले कासवीण अंडी नेमकी तिथेच घालते. एका घरट्यात शंभरच्या आसपास अंडी, पिल्लं बाहेर यायला दीड-दोन महिने. वरून चाक गेलं की वाळू दाबली जाते. पिल्लू निघालंच तर चाकाच्या खोल चरीत पडतं, त्याला समुद्र दिसत नाही, आणि सकाळी कावळे येतात.

पर्यटन नको का, असं काकू विचारतात. हवं की! वेळासला २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्रने गावकऱ्यांना बरोबर घेऊन घरटी राखली. पूर्वी अंडी माणसं खायला न्यायची. आता लोक पिल्लं बघायला येतात, गावातल्या घरांत राहतात, जेवतात. गाडी वर ठेवून खाली चालत जातात. ट्रॅक्टरवाल्याचे पैसे बुडतील हे मला कळतं, पण रुतलेल्या गाडीवर गाव चालत नाही.

आणि इथे अमेरिकेत सगळे शहाणे आहेत असं मी म्हणत नाही. मोआबच्या आसपासच्या ३१७ मैल वाटा २०२३ मध्ये सरकारी खात्याने गाड्यांना बंद केल्या, तेव्हा जीपवाल्यांनी किती आरडाओरडा केला! ‘आमची जमीन, आम्हालाच बंदी?’ तुझाच सूर, दादा, इंग्रजीतून.

एक गोष्ट मात्र ग्रुपवर लिहिली नाही, इथे लिहितो. गाडी चालवायला मी त्याच पुळणीवर शिकलो. काकांची जुनी जीप, ओहोटीची वेळ, शेजारी तूच होतास आणि क्लच सोड म्हणून ओरडत होतास. सुरूखालून सरळ खाली घातली होती आपण. चाकाखाली काय असेल हा विचार शिवलासुद्धा नाही, कारण पुळण आपली होती. युटामध्ये मी रेघेच्या आत राहतो त्यातलं थोडं भान आहे, आणि बरंचसं हे, की इथे मी पाहुणा आहे. उद्यानाच्या रेंजरने कागद मागितला तर दाखवायला हवा. गावी माझ्याकडे कधी कुणी कागद मागितला नाही, आणि वीस वर्षांत मी तिथल्या वाळूसाठी एक दिवसही दिला नाही.

काल तुला फोन करून म्हटलं, सुरूच्या रांगेत सुंभाची दोरी बांधू, खर्च मी देतो. तू म्हणालास, ‘दोरी मी बांधीन रे. फेब्रुवारीच्या रात्री घरटी राखायला कोण बसेल?’ तेव्हा मी नेटवर्क खराब आहे असं सांगून फोन ठेवला. नेटवर्क चांगलं होतं.