सीता मिळाली का?

निवृत्तीनंतर स्पेनला जाऊन राहण्याचा आमचा बेत ऐकल्यावर दादरच्या समस्त आप्तेष्टांनी आम्हाला दोनच प्रश्न विचारले : तिथे खायला काय मिळते आणि वेळ कसा जातो? पहिल्याचे उत्तर सोपे होते. तांदूळ उत्तम मिळतो, डाळी मिळतात, भेंडीसाठी मात्र पाकिस्तानी वाण्याचे दुकान गाठावे लागते. दुसऱ्याचे उत्तर सापडायला वर्ष गेले. वेळ सीतेच्या शोधात जातो.

ही सीता वाल्मीकींची नव्हे. स्पॅनिश भाषेत कार्यालयातल्या भेटीसाठी आगाऊ ठरवून घेतलेल्या वेळेला हा शब्द आहे आणि तिच्यावाचून या देशातले कोणतेही सरकारी दार उघडत नाही. लॅटिन अमेरिकेतून आलेली माणसे तिला 'सीता' म्हणतात, इथली बहुतेक माणसे जीभ दातांत धरून 'थीता' म्हणतात. मिळत ती दोघांनाही नाही.

मी स्वतः चौतीस वर्षे एका सरकारी कार्यालयात खिडकीच्या आतल्या बाजूला बसलो. 'आज साहेब नाहीत, उद्या या' हे वाक्य मी किती वेळा उच्चारले असेल याची मोजदाद नाही. निघण्यापूर्वी स्पॅनिशची शिकवणी लावली तेव्हा 'मान्याना' म्हणजे 'उद्या' हा शब्द पहिल्याच आठवड्यात आला आणि मला तो इतका सहज जमला की शिकवणाऱ्या बाईंनी वर्गासमोर माझे कौतुक केले. मुलगी व्हॅलेन्सियाला नोकरीला होती, तिथून रेल्वेने अर्ध्या तासावर समुद्रकाठच्या एका गावात भाड्याने जागा मिळत होती, आणि हिच्या गुडघ्यांना मुंबईतले जिने नकोसे झाले होते. वडिलोपार्जित जागेतला वाटा विकून आम्ही व्हिसाच्या मागे लागलो.

या व्हिसाचे नाव 'रेसिदेन्सिया नो लुक्रातिवा', म्हणजे ज्यात कमाई नाही असा निवास. अर्जदाराने स्पेनमध्ये कोणतेही काम करायचे नाही आणि काम न करता जगण्याइतके पैसे आपल्यापाशी आहेत हे सिद्ध करायचे, अशी त्याची अट असते. तिथल्या सरकारचा 'इप्रेम' नावाचा एक उत्पन्न-निर्देशांक आहे. आम्ही अर्ज केला तेव्हा तो महिना ६०० युरो होता. त्याच्या चौपट रक्कम अर्जदारासाठी आणि एकपट सोबतच्या माणसासाठी दाखवावी लागते, म्हणजे वर्षाचे माझे २८,८०० युरो आणि हिचे ७,२००. अडतीस वर्षे संसार ओढणारी बाई नवऱ्याच्या पाव किमतीची कशी ठरते, असे हिला वकिलातीला लेखी विचारायचे होते. ते पत्र मी महत्प्रयासाने थांबवले. काम न करण्याची अट वाचून मात्र ती म्हणाली, "अहो, ही अट तुम्हाला जड जाणार नाही. अनुभवाचा दाखला जोडा."

दाखल्यांची गोष्ट निराळीच. पोलिसांचा दाखला, डॉक्टरांचा दाखला, लग्नाचा दाखला, प्रत्येकावर परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टील, म्हणजे कागद परदेशात चालावा म्हणून मारलेला शिक्का, आणि प्रत्येकाचा शपथबद्ध अनुवादकाकडून स्पॅनिश अनुवाद. २००५च्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांत बसणारा, सार्वजनिक आरोग्याला घातक असा कोणताही रोग मला नाही, असे आमच्या डॉक्टरांना लिहून द्यायचे होते. वीस वर्षे माझा मधुमेह आणि माझी पाठ ऐकत आलेला तो भला माणूस लेखणी थांबवून म्हणाला, "एवढेच? मग बाकीचे कुठे लिहू?" लग्नाची नोंदणी आम्ही केलेलीच नव्हती. आमच्या पिढीत लग्न झाल्याचा पुरावा म्हणजे जेवून गेलेली माणसे. नोंदणीच्या अर्जावर पुरोहिताची सही लागते, आणि १९८६ साली आमचे लग्न लावणारे भटजी वैकुंठवासी झालेले. तेव्हा प्रतिज्ञापत्र करावे लागले. साक्षीदार म्हणून बोलावलेल्या मेहुण्याने पेन हातात घेतले आणि सही करण्याआधी अडतीस वर्षांपूर्वीच्या मानपानाचा विषय काढला. त्याला बासुंदी वाढल्यावर लग्न कायदेशीर झाले.

स्पेनमध्ये उतरल्यापासून महिन्याभरात परदेशी नागरिकाच्या ओळखपत्रासाठी अर्ज करून बोटांचे ठसे द्यायचे असतात. आम्ही दुसऱ्याच दिवशी, सकाळी अंघोळ-पूजा आटोपून, संबंधित कार्यालयाच्या दारात हजर झालो. रखवालदाराने विचारले, "तिएने थीता?" मला बोध होईना. मागे उभ्या असलेल्या कोलंबियाच्या एका बाईने मदतीच्या भावनेने सांगितले, "सीता, सेन्योर, सीता!" तुमच्याकडे सीता आहे का, एवढा अर्थ आता लागला. मी हिच्याकडे हात करून सहा महिन्यांच्या स्पॅनिशात सांगितले की ही माझी पत्नी आहे, पण हिचे नाव सीता नाही. रखवालदाराने अतिशय सौजन्याने दार लावून घेतले.

तेव्हापासून रोज सकाळी आठ वाजता आम्ही दोघे लॅपटॉपसमोर बसू लागलो. प्रांत निवडायचा, कार्यालय निवडायचे, पारपत्राचा क्रमांक घालायचा, आणि मग पडद्यावर ते वाक्य उमटायचे : 'एन एस्ते मोमेंतो नो आय सीतास दिस्पोनिब्लेस', या क्षणी सीता उपलब्ध नाहीत. हे वाक्य मला रामरक्षेइतके पाठ झाले आहे. संगणकाच्या साहाय्याने या वेळा घाऊक पळवून गरजूंना पैसे घेऊन विकणाऱ्या टोळ्या इथल्या पोलिसांनी पकडल्या आहेत, हे मुलीने सांगितले तेव्हा हिने लगेच विचारले, "म्हणजे रावणही आहे?" कोपऱ्यावरच्या एका दुकानदाराने पन्नास युरोंत सीता आणून देण्याची तयारी दाखवली होती. चौतीस वर्षांच्या नोकरीत मी जे कधी घेतले नाही ते आता उतारवयात द्यायचे, हे मनाला पटेना. शिवाय पन्नास युरोंना गुणिले नव्वद करण्याची सवय अजून सुटलेली नव्हती.

मारुतीरायाने समुद्र ओलांडला आणि त्याला अशोकवनात सीता दिसली. आम्हीही समुद्र ओलांडला होता. अशोकाच्या जागी नारिंगाची झाडे होती. त्यांना इथे 'नारांखा' म्हणतात आणि तो शब्द आपल्या संस्कृत 'नारंगा'वरूनच फारसी-अरबीतून प्रवास करत इथवर पोहोचला. त्याच्याकडे कोणी कागद मागितले नसावेत.

भाषेचेही असेच झाले. सहा महिने 'सालिदा' म्हणजे बाहेर जाण्याचा मार्ग असे घोकून आलो, तर गावातल्या पाट्यांवर 'एशिदा' लिहिलेले, कारण इथे व्हॅलेन्सियन भाषाही चालते. ती स्वतंत्र भाषा की कॅटलानचेच एक रूप, यावर इथली माणसे ज्या आवेशाने भांडतात तो आवेश पाहून मला कोकणी-मराठीच्या वादाची आठवण होऊन घरच्यासारखे वाटले. एकदाच भाषेने हात दिला. कपाटाचे दार निखळले म्हणून हार्डवेअरच्या दुकानात गेलो, खुणा केल्या, दार उघडझाप करून दाखवले. दुकानदाराने मला कुलूप दाखवले, मूठ दाखवली, शेवटी एक अख्खे दार दाखवले. वैतागून मी हिला मराठीत म्हणालो, "अगं, याला बिजागरी कळत नाही!" त्याबरोबर तो उजळला. "आ, बिसाग्रा!" पोर्तुगिजांनी चारशे वर्षांपूर्वी आपल्याकडे ठेवून दिलेला शब्द त्या दिवशी चार युरोंना वसूल झाला.

एकेचाळिसाव्या सकाळी सीता मिळाली. ती प्रांताच्या दुसऱ्या टोकाच्या गावची आणि तीन आठवड्यांनंतरची होती. महिन्याची मुदत उलटली तरी चालते, असे सगळे तोंडी सांगत होते. लेखी कोणी देत नव्हते. मी असतो तर मीही दिले नसते.

खिडकीमागच्या बाई पन्नाशीच्या होत्या. त्यांनी माझा कागदांचा गठ्ठा हातात घेतला, आधी काहीच न वाचता नुसती जाडी अजमावली, आणि मग मधलाच एक कागद बाहेर काढून दिव्याकडे धरला. ही पद्धत पाहून माझा ऊर भरून आला. इतक्या दुरून आलेल्या माणसाला आपल्याच घराण्याची गायकी ऐकू यावी, तसे झाले. दादरहून आणलेली ३५ बाय ४५ मिलिमीटरची फोटोंची चळत त्यांनी न बोलता परत सरकवली. इथे ३२ बाय २६ लागतो. मग दुसरे आडनाव कोणते, असे विचारले. स्पेनमध्ये प्रत्येकाला दोन आडनावे असतात, एक वडिलांकडचे आणि एक आईकडचे, आणि लग्नानंतर बाया आडनाव बदलत नाहीत. मी सांगितले की दुसरे आडनाव नाही, पण नावाच्या पोटात वडिलांचे नाव आहे. त्यांनी हिचे पारपत्र उघडले.

"हिच्याही नावात पुरुषाचे नाव आहे. हे हिचे वडील?"

"नाही, तो मी."

बाईंनी चष्मा काढला. हिच्या वडिलांचे नाव निराळे, माहेरचे आडनाव निराळे, आणि लग्नाच्या दाखल्यावर माहेरचे पहिले नावसुद्धा निराळे, कारण माझ्या आईने हौसेने सुनेचे नाव बदलले होते, हे सर्व मी हातवारे करून समजावले. त्यांनी कागदावर एक छोटी वंशावळ काढली, तिच्यात मला एकदा नवरा आणि एकदा सासरा दाखवले, आणि शेवटी ती चुरगळून टोपलीत टाकली. "पारपत्राच्या सर्व पानांच्या छायाप्रती?" त्यांनी विचारले. मी छापील पानांच्या दिल्या. "सर्व," त्या म्हणाल्या. कोरीसुद्धा? कोरीसुद्धा. कोऱ्या पानाची छायाप्रत मागणे मला चौतीस वर्षांत सुचले नव्हते. मी मनोमन नमस्कार केला आणि छायाप्रतीचे दुकान शोधायला पळालो. ते दुपारी दोन ते पाच बंद होते. पुण्याहून इथे येणारा प्रत्येक जण यावर एक विनोद करतो, म्हणून मी करत नाही.

सुदैवाने जवळच्या तंबाखूच्या दुकानात यंत्र होते. ठसे घेताना पुन्हा अडले. उजव्या तर्जनीचा ठसा यंत्रावर उमटेना. फाइलींची पाने थुंकी लावून उलटता उलटता ते बोट गुळगुळीत झाले आहे. बाईंनी आपली उजवी तर्जनी वर करून मला दाखवली. तीही तशीच होती. त्या पहिल्यांदाच हसल्या आणि डाव्या हाताचा ठसा घेऊन मोकळ्या झाल्या.

कार्ड घ्यायला जाण्यासाठी अर्थातच वेगळी सीता लागते. कार्ड हाती आले तेव्हा त्याच्या एका वर्षाच्या मुदतीतले पाच महिने उडून गेले होते, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी साठ दिवसांपासून करता येतो. मधल्या काळात आम्ही समुद्र पाहिला. चांगला आहे.

ऑक्टोबरात पेन्शनच्या कार्यालयाचे स्मरणपत्र आले : हयातीचा दाखला ३० नोव्हेंबरपर्यंत पोहोचावा. स्पेनमध्येही असा दाखला असतो, त्याला 'फे दे विदा' म्हणतात. मी जिवंत आहे अशी सही कोणा अधिकाऱ्याने करायची, आणि त्या अधिकाऱ्यासमोर उभे राहायला पुन्हा सीता. दोघे रोज पहाटेपासून बसलो. ६ आणि ८ डिसेंबरच्या सरकारी सुट्ट्यांना लोक मागचेपुढचे दिवस जोडून घेतात, त्यामुळे त्या आठवड्यात काही मिळणारच नव्हते. अखेर मिळाली ती ११ डिसेंबरची.

मी हिला सांगितले की पेन्शन कार्यालयाच्या लेखी १ डिसेंबरपासून मी नाही. ही चष्मा लावून भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी गेली आणि बोटाने दिवस मोजू लागली.

"बरोबर दहा होतात," ती म्हणाली. "म्हणजे सुतक नीट फिटते. अकराव्या दिवशी अंघोळ करून जाऊ."