माझा पगार ठरवताना मिस्टर मध्ये येतातच कशाला?

मार्च-एप्रिलमध्ये इन्क्रिमेंटची पत्रं निघाली की माझ्या वाट्याला हमखास एक वाक्य येतं. "तुमचं काय ओ मॅडम, मिस्टर आहेत की!"

आहेत. मग? त्यांना तुम्ही कामावर ठेवलंय का? कास्टिंगला ब्लो होल, म्हणजे ओतताना हवा अडकून भोक, पडलाय का ते मिस्टर येऊन बघून जातात? कोल्हापूरच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत मी क्वालिटीला आहे. कस्टमरची तक्रार आली की फोन मला येतो. ऑडिटर आला की फायली मी काढायच्या, गेज कॅलिब्रेशनच्या (मापायची साधनं अचूक आहेत का ते तपासायच्या) तारखा मी सांगायच्या, रिजेक्शन का वाढलं याचं उत्तरही मीच द्यायचं. तेव्हा एकजण म्हणत नाही की मॅडम तुम्ही बसा, मिस्टर देतील उत्तर.

शेजारच्या टेबलावरच्या पोराला मोजायचा व्हर्नियर कसा धरायचा इथपासून मी शिकवलंय. त्याला माझ्यापेक्षा जास्त पगार आहे. प्रिंटरवर त्याची स्लिप राहिली म्हणून कळलं, नाहीतर आपला पगार कुणाला सांगायचा नाही हा आमच्याकडचा सगळ्यात कडक नियम. हेल्मेटपेक्षा कडक! साहेबांना विचारलं तर म्हणाले, "त्याचं लग्न ठरवायचंय ओ. पाहुणे पगार विचारत्यात." म्हणजे ह्याला स्थळ चांगलं मिळावं म्हणून कंपनी पगार फुगवणार आणि मला स्थळ मिळून गेलंय म्हणून माझा दाबणार. पोरगा चांगला आहे, त्याच्यावर माझा राग नाही.

पोरीचं लग्न व्हायचं असेल तर मात्र हिशोब उलटा. "ती काय, लग्न झालं की जाणार." लग्न झालं की "आता रजा काढणार." मूल झालं की "आता लक्ष घरात." आणि पोरं मोठी झाली की मिस्टर आहेतच. बाईच्या आयुष्यात पगार वाढवायचं वर्ष नेमकं कुठलं, ते एकदा बोर्डावर लिहून लावा.

बरं, गरज बघूनच द्यायचं म्हणता ना? आमच्या स्टोअरला एक ताई आहेत. नवरा गेला, सासू आणि दोन पोरं त्यांच्या एकटीवर. या हिशोबानं सगळ्यात जास्त पगार त्यांना पाहिजे. त्यांना काय ऐकवलं माहितीय? "बाहेर तुम्हाला एवढं तरी कोण देणार?" नवरा आहे म्हणून कमी, नवरा नाही म्हणून कमी.

लॉकडाऊनमध्ये मिस्टरांचं दुकान बंद होतं. फ्लॅटचा हप्ता, किराणा, पोरीची फी सगळं माझ्या पगारातून गेलं. (ज्या पगाराला सासरी अजून ‘वरखर्चाला होतंय’ म्हणतात, त्याच.) तेव्हा साहेबांना म्हटलं, आता मिस्टर कमवत नाहीत, आता तरी वाढवा. तर म्हणे, "मॅडम, कंपनीचीच परिस्थिती नाही."

समान कामाला समान वेतन हा कायदा १९७६ सालापासून आहे. आता तो २०१९ च्या वेतन संहितेत घातलाय. त्यात घरात दुसरं कोण कमावतं हा रकानाच नाही. हे एचआरला सांगितलं तर त्यानं पान उलटलं. "तुमचं काम समान कुठं आहे? तो इंजिनिअर, तुम्ही असिस्टंट." अरे, पण ही पाटी लावली कुणी? डिप्लोमा दोघांचा, टेबल शेजारी शेजारी, आणि रिपोर्टवर सही करायच्या आधी तो मला दाखवतो! मॅकिनन मॅकेन्झी कंपनीतल्या ऑड्री डिकोस्टा नावाच्या स्टेनोग्राफर बाई पगारातल्या अशाच फरकावरून सुप्रीम कोर्टापर्यंत लढल्या. १९८७ साली कोर्टानं सांगितलं की प्रत्यक्षात काम काय करतात ते बघा, आणि कंपनीला परवडत नाही ही सबब चालायची नाही. आमच्या एचआरपर्यंत १९८७ साल अजून पोचलेलं नाही.

आणि "दोघांनाही आठ टक्केच वाढ दिलीय" असं जे छाती काढून सांगतात ना, त्यांनी जरा कॅल्क्युलेटर घ्यावा. वीस हजारावर आठ टक्के म्हणजे १६०० आणि अठ्ठावीस हजारावर आठ टक्के म्हणजे २२४०. आठ हजाराचा फरक एका वर्षात ८६४० झाला. पीएफ बेसिकवर, ग्रॅच्युइटी शेवटच्या पगारावर, आणि उद्या दुसरीकडं गेले तर पहिला प्रश्न मागचा पगार किती. आजचे कमी दिलेले पैसे मला म्हातारपणापर्यंत कमीच पडत राहणार.

८ मार्चला मात्र थाट बघा. भाषणात ताराराणी, भाषणात शाहूंची नगरी. सात वर्षं औरंगजेबाला झुंजवणाऱ्या बाईचं नाव घ्यायचं आणि आम्हाला गुलाब आणि स्टीलचा डबा वाटायचा. शाहू महाराजांच्या काळात याच गावात मुलींच्या शाळांचा कारभार रखमाबाई केळवकरांच्या हातात होता. शंभर वर्षं उलटून गेली, आणि आमच्याकडं पाहुणे आले की भर मीटिंगमध्ये माझ्याकडं बघून विचारतात, "मॅडम, चहाचं बघता का जरा?" कँटीनचा पोरगा दारात उभा असतो.

यंदा मी तोंडी बोललेच नाही, मेल टाकला. पगारात फरक का, कारण लेखी द्या. साहेबांनी बोलावून घेतलं. "मेल कशाला टाकायचा ओ? मिस्टरांना घेऊन या एकदा, बसून बोलू." मी पोरगी आहे का शाळेतली, पालकांना घेऊन यायला?

दुसरा मेलही टाकलाय, मालकांना कॉपी लावून. माझ्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये असिस्टंटचं काम लिहिलंय: तपासणीच्या नोंदी ठेवणे. पुढच्या आठवड्यात कस्टमरचं ऑडिट आहे. नोंदी मी ठेवल्यात, एकदम चोख. प्रश्नांची उत्तरं इंजिनिअर देतील.