क्लासिकल गिटारला स्टीलच्या तारा? त्या ‘७ टिप्स’वाल्या मेसेजला उत्तर

‘साधी गिटार बनवा ५० हजारांची, फक्त ७ टिप्स’ हा मेसेज एव्हाना तुमच्याकडेही येऊन गेला असेल. वर ‘अनुभवी गिटारिस्टकडून’ असं लिहिलंय, नाव कुणाचंच नाही. असले मेसेज मी उघडतही नाही, पण परवा भाचीनेच पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, पहिली टिप करू का? तारा मागवल्यात ऑलरेडी." म्हणून हे सगळं टाइप करत बसलोय.

ज्यांना आला नाही त्यांच्यासाठी मेसेज थोडक्यात. नायलॉनच्या गिटारला स्टीलच्या तारा चढवा, आवाज दुप्पट होतो आणि नव्या गिटारचे पैसे वाचतात. स्टीलची असेल तर तेराचा सेट (म्हणजे सगळ्यात बारीक तार ०.०१३ इंच जाड) टाका, तार जाड तेवढी गिटार ‘प्रो’. मागचं आणि बाजूचं लाकूड इम्पोर्टेड रोजवुड नसेल तर गिटार टाकाऊ, देशी लाकूड तर नकोच. तारा उंच वाटल्या की ट्रस रॉड, म्हणजे नेकच्या (गिटारच्या दांड्याच्या) आतली सळई, आवळा. हाडाचं सॅडल (ब्रिजवरची, तारा टेकतात ती पट्टी) आणि पितळी पिना (तारांची टोकं ब्रिजच्या भोकात धरून ठेवणाऱ्या) बसवा. फ्रेटबोर्डला (नेकवरची, बोटं दाबतो ती फळी) दर महिन्याला खोबरेल तेल लावा. आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गिटार उन्हात ठेवा.

पहिली टिप

भाचीकडे आहे ती तिच्या बाबांची कॉलेजातली क्लासिकल गिटार, नायलॉनची. अशा गिटारवर सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलोच्या आसपास असतो. स्टीलचा बाराचा सेट, ज्याच्या पाकिटावर ‘लाइट’ छापलेलं असतं, तो नेहमीच्या ट्यूनिंगला ७३-७४ किलोने ओढतो, ब्रँडप्रमाणे थोडं इकडेतिकडे. आणि हे काही वाजवताना पाच मिनिटं नाही, गिटार कोपऱ्यात उभी असतानासुद्धा रात्रंदिवस. तेव्हा मेसेजवाल्याचं ‘दुप्पट’ अगदीच खोटं नाही, फक्त दुप्पट काय होतं ते त्याला माहीत नाही.

आता हा ताण झेलतं कोण? क्लासिकलचा ब्रिज बघा, तारा त्यावर गाठ मारून बांधलेल्या असतात आणि ब्रिज पातळ टॉपवर (गिटारच्या पुढच्या फळीवर) नुसता ग्लूने चिकटवलेला असतो. टॉपला आतून आधार देणाऱ्या ब्रेसिंगच्या पट्ट्या हलक्या, पंख्यासारख्या पसरलेल्या. स्टीलच्या गिटारचं गणितच वेगळं आहे. तिथे तारेच्या टोकाला छोटा बॉल असतो, तो ब्रिजच्या भोकातून आत जातो आणि टॉपच्या खाली लावलेल्या कठीण लाकडाच्या प्लेटला जाऊन अडकतो, म्हणजे ओढ एकट्या ग्लूवर येत नाही. वर ब्रेसिंगच्या दोन मोठ्या पट्ट्या एकमेकींना एक्ससारख्या छेदून गेलेल्या. अमेरिकेतल्या मार्टिन या गिटार कंपनीने ही एक्सवाली पद्धत १८४० च्या दशकात वापरायला घेतली, तेव्हा तारा आतड्याच्या असायच्या, पुढे १९२० च्या दशकात स्टीलच्या तारा रुळल्या तेव्हा तीच पद्धत आणखी मजबूत करून कामाला आली. एवढा सगळा खटाटोप लोकांनी हौस म्हणून केला का? शिवाय क्लासिकलच्या नेकमध्ये बहुतेक वेळा ट्रस रॉड नसतो, आणि ज्या खुंट्यांवर तारा गुंडाळायच्या त्यांच्यावर प्लास्टिकचे जाड रोलर असतात, त्यात स्टीलची बारीक तार रुतून बसते.

स्टील चढवल्यावर काय होतं ते ओळखीतल्या एका गिटारवर बघितलंय. पहिले काही दिवस सगळे खूश, आवाज खणखणीत. मग ट्यूनिंग टिकेना. मग तारा फ्रेटबोर्डपासून वर वर जायला लागल्या, कारण ब्रिजच्या मागे टॉपला चक्क पोट सुटलं होतं. ब्रिजच्या मागच्या कडेखाली साधा कागद सरकवून बघितला तर तो सहज अर्ध्यापर्यंत आत गेला, म्हणजे ब्रिज उचकटायला सुरुवात झालेली. तेवढ्यावर तारा काढल्या असत्या तरी वाचली असती, पण ‘वाजतेय ना अजून’ म्हणून तशीच ठेवली आणि एका दुपारी कुणी हात न लावता ब्रिज फाटकन निघाला, टॉपच्या ढलप्या सोबत घेऊन. दुरुस्तीचा खर्च ऐकल्यावर गिटार माळ्यावर गेली.

"पण युट्यूबवर एकाने लावल्यात, त्याचं काही नाही झालं." हो, लावल्या त्याच दिवशी व्हिडिओ काढला त्याने. सहा महिन्यांनंतरचा व्हिडिओ दाखवा.

क्लासिकलचा आवाज वाढवायचाच असेल तर हाय टेन्शन नायलॉन किंवा कार्बनच्या तारा मिळतात, त्या लावा. स्टीलचाच आवाज हवा असेल तर स्टीलची गिटार घ्यावी लागेल, याला शॉर्टकट नाही. (भाचीने मागवलेला सेट वाया जात नाहीये, माझ्या गिटारवर चढलाय.)

जाड तारा

यात अर्धं खरं आहे, नाइलाजाने मान्य करतो. जाड तार जास्त ताणाने टॉप हलवते, आवाज भरतो, जोरात स्ट्रमिंग करणाऱ्याला फरक कळतो. पण तेराच्या सेटचा ताण ८४ किलोच्या घरात जातो, आणि गिटार कुठल्या गेजसाठी (तारांच्या जाडीसाठी) बनवलीय ते बहुतेक कंपन्या स्पेसिफिकेशनमध्ये देतात, आधी ते वाचा. नवशिक्या पोरांना तेरा देणं म्हणजे पहिल्या महिन्यातच बोटं सोलून गिटार सोडायला लावणं. दहा किंवा अकराने सुरुवात करा, बोटं तयार झाली की बारा. आणि गेज बदललं की नेकवरचा ताण बदलतो, म्हणजे सेटअप (नेकचा बाक, तारांची उंची) परत बघून घ्यावा लागतो, हे मेसेजमध्ये कुठेच नाही.

इम्पोर्टेड रोजवुड

याने लोकांचा सगळ्यात जास्त पैसा जातो म्हणून इथे थोडा वेळ घेतो. माझं मत बाजूला ठेवू, यावर रीतसर प्रयोग झालाय. इंग्लंडमधल्या लँकेस्टर युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी फाइल्ड गिटार्सच्या रॉजर बकनॉल यांच्याकडून सहा स्टील-स्ट्रिंग गिटार बनवून घेतल्या. डिझाइन एकच, टॉप एकाच जातीच्या लाकडाचा, फरक फक्त मागच्या आणि बाजूच्या लाकडात: ब्राझिलियन रोजवुड, इंडियन रोजवुड, महोगनी, मेपल, सपेली आणि अक्रोड. ५२ गिटारिस्ट बोलावले, खोलीत उजेड जेमतेम, वर डोळ्यांना वेल्डिंगचे गॉगल, म्हणजे हातात कुठलं लाकूड आहे ते दिसायचा प्रश्नच नाही. वाजवा आणि मार्क द्या. सहाही गिटारना आवाजाचे मार्क जवळपास सारखेच पडले. नुसतं दोन गिटारमधला फरक ओळखा म्हटलं तर तेही धड जमेना. हे २०१८ मध्ये अमेरिकेच्या ॲकॉस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये छापून आलंय, फॅमिली ग्रुपवर नाही.

ब्राझिलियन रोजवुड या सहांमधलं सगळ्यात महागडं आणि दुर्मिळ. १९९२ पासून ते साइट्सच्या (दुर्मिळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) पहिल्या परिशिष्टात आहे, म्हणजे त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार जवळजवळ बंद. तेव्हा वीस-पंचवीस हजारांच्या नव्या गिटारवर दुकानदार ब्राझिलियन रोजवुड सांगायला लागला तर हसा आणि पुढच्या दुकानात जा.

आणि ‘देशी लाकूड नको’ हे तर कहर आहे. ब्राझिलियन मिळेनासं झालं तेव्हा १९६९ मध्ये मार्टिनने आपल्या रोजवुडच्या गिटारना कुठलं लाकूड घेतलं? इंडियन रोजवुड. मार्टिनची आजची नेहमीची डी-२८, जिच्यासाठी लोक लाखांनी मोजतात, तिच्या पाठीला आणि बाजूंना हेच असतं. म्हणजे आपलं शिसव, सह्याद्रीत उगवणारं, ज्याची कपाटं आणि पलंग जुन्या वाड्यांमध्ये अजून आहेत. ज्याला तुम्ही इम्पोर्टेड म्हणून दहा हजार जास्त मोजताय ते बऱ्याचदा इथूनच तिकडे गेलेलं असतं, आणि मेसेजवाला त्यालाच नको म्हणतोय.

मग लाकडाला काही अर्थच नाही का? आहे, पण टॉपच्या. लँकेस्टरवाल्यांनी टॉप बदललाच नव्हता, त्यामुळे त्या प्रयोगावरून ‘कुठलंही लाकूड चालतं’ असंही कुणी काढू नये. गिटारचा आवाज मुख्यतः टॉप आणि त्याखालच्या ब्रेसिंगमधून येतो, म्हणून स्टीलची चांगली गिटार घेताना पहिला खर्च सॉलिड टॉपवर (थर न चिकटवलेल्या अस्सल लाकडाच्या) करा, मागची बाजू लॅमिनेट (प्लाय) असली तरी बिघडत नाही, उलट कोकण-मुंबईच्या हवेत लॅमिनेट कमी कटकट करतं. ओळखायचं कसं? साउंडहोलच्या कडेवर मोबाइलचा टॉर्च मारा. टॉपवरच्या रेघा कडेवरून तशाच खाली उतरल्या तर सॉलिड. मधे वेगळ्या रंगाचे थर दिसले, सँडविचसारखे, तर प्लाय. काही गिटारना कडेला पट्टी लावलेली असते, तिथे हे दिसत नाही, मग स्पेसिफिकेशन वाचा. नुसतं ‘स्प्रूस टॉप’ लिहिलंय आणि ‘सॉलिड’ हा शब्दच नाही, तर प्लाय समजून भाव करा. यामाहाची एफ ३१० प्लाय टॉपची आणि एफजी ८०० सॉलिड टॉपची, एवढं एक जोडी म्हणून लक्षात ठेवा आणि दुकानात दोन्ही एकामागोमाग वाजवून बघा, स्वतः वाजवता येत नसेल तर दुकानातल्या पोराला वाजवायला सांगून समोर उभे राहा.

ट्रस रॉड

ट्रस रॉड नेकचा बाक कमीजास्त करतो. तारांची उंची कमी करायचा तो स्क्रू नाही. आधी बघा बाक किती आहे: जाड ई तार (सगळ्यात जाड) पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर (फ्रेटबोर्डवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) एकाच वेळी दाबा, सातव्या फ्रेटच्या आसपास तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी फट राहिली की नेक ठीक आहे, रॉडला हात लावू नका. तरीही बाराव्या फ्रेटवर तारा उंच असतील तर दोष सॅडलमध्ये, नटमध्ये (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) किंवा फुगलेल्या टॉपमध्ये आहे. बाराव्या फ्रेटवर जाड ई सव्वादोन-अडीच मिलिमीटर आणि बारीक ई पावणेदोनच्या आसपास असली की बहुतेकांना पुरते. अर्धा मिलिमीटर उतरवायची तर सॅडल खालून एक मिलिमीटर घासावं लागतं, दुप्पट, हे न कळता लोक अंदाजाने घासतात आणि मग बझ होते (तार फ्रेटला घासून खरखरते) म्हणून रडतात. रॉड पाव फेऱ्यापेक्षा जास्त एका वेळी फिरवायचा नाही, आणि कडक लागला तर थांबायचं. ‘आवळा’ एवढंच सांगून मोकळं होणाऱ्या माणसाला तुटलेला रॉड बदलायचं बिल पाठवायला पाहिजे.

खरं तर स्टीलच्या गिटारचं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात मोठं अपग्रेड हेच, चांगल्या रिपेअरवाल्याकडून हजार-दोन हजारांत सेटअप आणि नवीन तारा. सातपैकी एकाही टिपमध्ये ते नाही, कारण त्यात फॉरवर्ड करण्यासारखं काही नाही.

हाड, पितळ, खोबरेल

हाडाचं सॅडल ही सातातली एकमेव धड टिप. पोकळ प्लास्टिकचं सॅडल असेल तर हाडाचं नीट बसवून घेतल्यावर फरक जाणवतो, पण त्यातला निम्मा फरक ‘नीट बसवून’चा असतो, खाचेत सॅडल हलत असेल तर हाड काय नि हस्तिदंत काय. पितळी पिनांनी ब्रिजचं वजन वाढतं, आवाज किंचित बदलतो, काहींना आवडतो, काहींना नाही. दुप्पट वगैरे काही होत नाही.

खोबरेल डोक्याला लावा. ते लाकडावर सुकत नाही, थंडीत थिजतं, जुनं झालं की वास मारतं, आणि तारांना लागलं की तारा मेल्या. रोजवुडच्या किंवा एबनीच्या उघड्या फ्रेटबोर्डला वर्षातून एकदोनदा फ्रेटबोर्ड ऑइलचे चार थेंब, लगेच कोरडं पुसायचं, बस.

उन्हात गिटार

उन्हात पापड घालतात. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. मुंबईत जुलैत हवा ८५-९० टक्क्यांवर असते, सॉलिड टॉप पाणी पिऊन फुगतो, तारा उंच होतात. तो एका दुपारी उन्हात कडकडीत केला तर लाकूड एका बाजूने आकसतं, तडे जातात, आणि तापलेला ग्लू मऊ पडून ब्रिज सरकू शकतो. बंद गाडीत ठेवलेल्या गिटारचंही हेच होतं. पावसाळ्यात गिटार भिंतीला टांगू नका, बॅगेत किंवा केसमध्ये ठेवा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि काही शे रुपयांचा डिजिटल हायग्रोमीटर (आर्द्रता मोजायचं यंत्र). नागपूर-अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये उलटं असतं, हवा इतकी कोरडी की टॉप खाली बसतो आणि फ्रेटची टोकं नेकच्या कडेला हाताला टोचायला लागतात. ती टोचली की सिलिका जेल काढून केसमध्ये ओलाव्याची सोय करायची, साबणाच्या भोकं पाडलेल्या डबीत ओला करून घट्ट पिळलेला स्पंजचा तुकडा ठेवला तरी चालतो, फक्त त्यातून पाणी ठिबकत नाही ना ते बघा.