माईक विल्यम्स नुसत्या जिद्दीवर परतला नव्हता

जानेवारीत वजन उतरवायचे संकल्प झाले की व्हॉट्सॲप ग्रुपांवर प्रेरणादायी मजकुरांचा रतीब सुरू होतो. अमेरिकेतल्या मराठी मंडळींच्या ग्रुपांवर त्यात एनएफएलचे, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, खेळाडूही डोकावतात, आणि त्यांत माईक विल्यम्सची गोष्ट विशेष लाडकी. ती साधारण अशी: कॉलेजात गाजलेला हा रिसीव्हर, म्हणजे पुढे धावून चेंडू झेलणारा गडी, पैसा हातात येताच सुस्तावला, खाऊन खाऊन सुटला, एकामागून एक संघांनी त्याला काढलं. दोन वर्षं घरी बसल्यावर त्याचे डोळे उघडले, त्याने वजन उतरवलं आणि २०१० मध्ये सिएटल सीहॉक्सकडून झोकात परतला. म्हणजे शरीर हा सगळा मनाचा खेळ, बाकी सबबी.

या नावाचे रिसीव्हर एनएफएलमध्ये बरेच झाले. टॅम्पा बेकडून खेळलेला विल्यम्स २०२३ मध्ये वारला, तो वेगळा. आपण बोलतोय ते सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या, म्हणजे यूएससीच्या, सहा फूट पाच इंची विल्यम्सबद्दल.

तर पहिला आरोप: आळशी होता म्हणून घसरला. मजकुरातून २००४ हे अख्खं साल गायब असतं. एनएफएलचा नियम असा की शाळा संपून तीन वर्षं झाल्याशिवाय खेळाडूला ड्राफ्टमध्ये, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडायच्या वार्षिक फेरीत, घ्यायचं नाही. ओहायो स्टेटच्या मॉरिस क्लॅरेटने या नियमाविरुद्ध दावा लावला आणि फेब्रुवारी २००४ मध्ये तो जिंकला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी ९५ झेल, १,३१४ यार्ड (झेलांतून कापलेलं अंतर) आणि १६ टचडाउन (गोलसारखे गुण) करून बसलेल्या विल्यम्सने त्या निकालावर भरवसा ठेवून एजंट नेमला आणि ड्राफ्टसाठी नाव दिलं. अपील कोर्टाने निकाल फिरवला. ड्राफ्टचं दार बंद झालं, आणि एजंट नेमल्यामुळे कॉलेज क्रीडा संघटनेनेही त्याला परत घेतलं नाही. विशीतला मुलगा, खेळ शिकण्याचं ऐन वय, आणि वर्षभर ना सामना ना संघासोबतचा सराव.

पुढच्या वर्षी डेट्रॉईट लायन्सने त्याला दहाव्या क्रमांकावर उचललं. लायन्सने सलग तिसऱ्या वर्षी पहिल्या फेरीत रिसीव्हर घेतला होता, म्हणजे ज्या जागेसाठी तो आला तिथे आधीच दोन महागडे गडी बसलेले. पहिल्याच सीझनमध्ये नोव्हेंबरात मुख्य कोच स्टीव्ह मारियुची गेला, हंगामी कोच आला, २००६ साठी तिसराच. दोन सीझनमध्ये विल्यम्सचे मिळून ३७ झेल. त्याचं वजन आणि तयारी यांवर तेव्हा जी टीका झाली ती हवेतली नव्हती, ते झाकायचं कारण नाही. पण ज्या संघाने त्या दोन वर्षांत ३२ पैकी ८ सामने जिंकले, तिथलं सगळं अपयश एका पोराच्या पोटावर लोटणं जरा जास्तच सोयीचं आहे.

दुसरा मुद्दा: बारीक झाला म्हणून परतला. पुढे टेनेसीच्या संघात असताना त्याचं वजन २७० पौंडांच्या, म्हणजे सव्वाशे किलोच्या आसपास गेल्याच्या बातम्या होत्या. सिएटलला खेळला तेव्हा ते सुमारे २३५ पौंड होतं. हा माणूस बारीक नव्हे, लीगमधल्या बहुतेक रिसीव्हरांपेक्षा चांगलाच अवजड होता. रिसीव्हरला पळता येणं पुरत नाही, थांबता यावं लागतं. बारा यार्ड जीव खाऊन धावायचं, दोन-तीन पावलांत सगळा वेग मोडायचा आणि क्वार्टरबॅककडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, वळायचं. वळायच्या आत चेंडू हवेत असतो, कारण क्वार्टरबॅक माणूस पाहून नव्हे तर जागा पाहून फेकतो. अंगावर वीस-पंचवीस पौंड जादा असले की थांबायला एक पाऊल जास्त लागतं, आणि तेवढ्यात मागचा बचावपटू चेंडूवर हात घालतो. वर गुडघ्याला आणि घोट्याला प्रत्येक थांबण्याचा दणका बसतो तो वेगळाच. त्यामुळे वजन उतरवणं गरजेचं होतंच. पण काट्यावर कमी दिसणं आणि सामन्याच्या चौथ्या, शेवटच्या क्वार्टरमध्ये चाळिसाव्यांदा तसंच थांबता येणं यांत महिन्यांचं काम असतं, आणि जिमच्या आरशात ते दिसत नाही. उलट सिएटलला त्याचा आकारच हवा होता. बचावपटू चिकटलेला असतानाही चेंडू उंच फेकावा, हा वरून काढून घेईल, असा माणूस.

आता मूळ दावा: एकट्याच्या इच्छाशक्तीवर. इथे मला दोन्ही बाजूंनी बोलावं लागेल.

सिएटलला २०१० च्या जानेवारीत मुख्य कोच म्हणून आला पीट कॅरल, म्हणजे यूएससीतला विल्यम्सचाच कोच. एप्रिलमध्ये विल्यम्स तिथे करार नसताना, नुसत्या चाचणीसाठी गेला. दोन सीझन लीगबाहेर असलेल्या माणसाला मैदानात उभं करायला कुणीतरी त्याला चांगल्या दिवसांत पाहिलेलं असावं लागतं. ‘बघा, वशिला,’ असं म्हणून विषय मिटवता आला असता, पण तेही खरं नाही. २००७ मध्ये ओकलंडला त्याचा मुख्य कोच लेन किफिन होता, तोही यूएससीत रिसीव्हरांना शिकवलेला. त्याच वर्षी टेनेसीचं आक्रमण सांभाळत होता नॉर्म चाऊ, तोही यूएससीचाच. दोन ओळखीची दारं उघडली आणि दोन्ही बंद झाली, कारण शरीर तयार नव्हतं. तिसऱ्या दाराशी तो तयार होऊन आला. कष्टाचं श्रेय त्याचं त्याला द्यायलाच हवं.

पण आत जागा कुणी केली? कॅरल आणि जनरल मॅनेजर जॉन श्नायडर यांनी त्या वर्षी संघ अक्षरशः उपसून काढला. सीझन तोंडावर आला असताना टी. जे. हुशमंडजादेला सोडलं, ऑक्टोबरात डिऑन ब्रांचला न्यू इंग्लंडच्या संघाकडे धाडलं. दोघेही रिसीव्हरच. ब्रांच गेल्यानंतरचा पहिलाच सामना शिकागोत होता, १७ ऑक्टोबरला. त्यात विल्यम्सचे १० झेल, १२३ यार्ड. इच्छाशक्ती काय त्याच आठवड्यात वाढली होती? चेंडू त्याच्याकडे येऊ लागले, एवढंच. महिन्याभराने ॲरिझोनाविरुद्ध ११ झेल, १४५ यार्ड. फेकणारा मॅट हॅसलबेक, सिएटलमध्ये दहा वर्षं मुरलेला. सीझनअखेर ६५ झेल, ७५१ यार्ड. प्लेऑफमध्ये, म्हणजे सीझननंतरच्या बाद फेरीत, न्यू ऑर्लिन्सविरुद्ध तिसऱ्या क्वार्टरमध्ये ३८ यार्डांचा टचडाउन झेलला, तो सामना सिएटलने ४१-३६ असा काढला.

आणि ज्याचं नाव कुठल्याच मजकुरात येत नाही तो रेजी विल्यम्स. २००४ च्या ड्राफ्टचा नववा खेळाडू, तोही रिसीव्हर, तोही लीगबाहेर फेकला गेलेला, शिवाय कॉलेज सिएटलमध्येच केलेला. त्याच एप्रिलमध्ये त्याच चाचणीला तो आला, त्यालाही करार मिळाला, आणि सीझन सुरू व्हायच्या आत तो बाहेर होता. एनएफएलमध्ये तो पुन्हा खेळला नाही. त्याची जिद्द कमी पडली असं छातीठोक सांगणाऱ्याने आधी त्याचा घाम मोजलेला असावा.

शेवटचा दावा ओझरताच असतो: एकदा मनावर घेतलं की माणूस मागे वळत नाही. २०११ ला हॅसलबेक टेनेसीला गेला. मालक आणि खेळाडूंच्या भांडणात उन्हाळी सराव बुडाला. सिडनी राईस हा रिसीव्हर मोठ्या कराराने आला, आणि ड्राफ्टमध्ये कुणी न घेतलेला रिसीव्हर डग बाल्डविन ५१ झेल घेऊन संघात पहिला ठरला. माईक विल्यम्सचे त्या सीझनमध्ये १८ झेल, आणि डिसेंबरात पाय मोडला. जुलै २०१२ मध्ये सिएटलने त्याला सोडलं. वय २८. व्हॉट्सॲपवरची गोष्ट मात्र दीड वर्ष आधीच, न्यू ऑर्लिन्सच्या सामन्यापाशी, आवरती घेतलेली असते.